ब्रेकला लागलेला लोखंडाचा कीस

मंगळवार, दिवेलागणीनंतर

पहिली आली ती वैशाली, माझी नात, आणि तीसुद्धा चालत! कडेवर पोर, माझी पणती, गोड गोळाच. नातजावई मागून गाडी घेऊन आले, तोंड उतरलेलं. लालबागच्या सिग्नलला ब्रेक पायाखाली थरथरला आणि गाडी थांबायचं सोडून पुढेच सरकली म्हणे. म्हणून वैशाली पोरीला घेऊन तिथेच उतरली.

जावई म्हणाले, "आजी, वाटेतला गॅरेजवाला सांगतो ब्रेकचा कॉम्प्युटर गेला. आता पोरीला ह्या गाडीत घ्यायचं नाही." मग ती इथे येणार कशी? माझे गुडघे पनवेलला त्यांच्या घरी जाण्यासारखे राहिलेत का?

वैशाली स्वतः गाड्याच दुरुस्त करते. नवऱ्याला म्हणाली, "आधी चाक काढू दे, मग रडत बस." चाकाजवळचा सेन्सर तिने उपसला. त्याच्या टोकाला लोहचुंबक, आणि त्यावर लोखंडाचा कीस, केसाळ सुरवंटासारखा. "चाक किती फिरतंय तेच ह्याला कळत नव्हतं, आजी."

मी कपाळाला हात लावला. गाडी आधी माझ्या लेकाची, बबनची. संपात गिरणी गेली तेव्हा आमच्या ह्यांनी गल्लीत लोखंड कातायचं लेथ मशीन टाकलं, आणि पुढे बबन गाडी रोज त्या कारखान्याच्याच दाराशी लावायचा. कीस आमच्याच घरचा!

तिने सेन्सर पुसून परत बसवला. मग गल्लीत दोनदा गाडी पळवून तिने करकचून ब्रेक मारला. मी पोरीला छातीशी घट्ट धरलेलं. थरथरला का परत? नाही! गाडीतला ब्रेकचा पिवळा दिवा पेटलेला होता, तोही विझला. जावई स्वतः चालवून आले, तेव्हा कुठे हसले.

रविवारी येतो म्हणाले, पोरीला घेऊन, ह्याच गाडीने.