अकोल्याच्या त्या चीजकेकबद्दल, रेखाला

प्रिय रेखा,

तुला जाऊन चार महिने होत आले. इतक्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. परवा अकोल्याला जाऊन आले आणि तेव्हापासून मी ओव्हन लावलेला नाही. तुझा भाऊ दोनदा विचारून गेला, "काय झालं? बोलत काहून नाईस?" त्याला काय सांगू? जिला सांगायचं ती तू.

परवा मला त्या रेस्टॉरंटच्या मॅनेजरने बोलावलं होतं. तू जूनमध्ये, तुझ्या वाढदिवसाला, आम्हा दोघांना अमरावतीहून बोलावून जिथे जेवायला नेलंस, तेच. त्यांना घरी चीजकेक करून देणारं कोणीतरी हवं होतं आणि कुणाकडून तरी माझं नाव कळलं होतं. मी नमुन्याचा डबा मांडीवर धरून एसटीने गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत मनातल्या मनात खूश होते. म्हटलं, उशिरा का होईना, यांना अक्कल आली.

तुला तर माहीत आहे हॉटेलच्या चीजकेकबद्दल माझं काय मत आहे ते. वरचं जांभळं फळ चमच्याने बाजूला सारलं की खाली काही उरत नाही. फ्रीजरमधून काढलेला, मधोमध बर्फ. तुला केक शिकवायला लागले तेव्हापासून हे तू माझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असशील?

त्या दिवशी जेवण झाल्यावर तू म्हणालीस, "वहिनी, इथचा चीजकेक खाऊन पाहा."

मी एक घास घेतला. तुझ्या भावाने तोवर अर्धा संपवला होता. "मस्त हाये," तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा त्याने चमचा खाली ठेवला.

मग मी सुरू झाले. चीज थंडच फेटलंय, कण राहिलेत. बुडातलं बिस्किट भिजून लगदा झालंय. मध्ये कच्चा आहे. लिंबू इतकं की दात आंबले. तू एकेक ऐकत होतीस. मध्येच विचारलंस, "बिस्किट ओलं काहून होते, वहिनी?" मी म्हटलं, आधी बिस्किटाचा थर दहा मिनिटं भाजायचा, गार होऊ द्यायचा, मग वर चीज ओतायचं. तू पर्समधून पेन काढलंस आणि कागदी रुमालावर लिहून घेतलंस. मला बरं वाटलं. तुझी जुई तुझ्या शेजारी बसली होती. बारा वर्षांची पोर, केकला हातही लावत नव्हती. ती काहीतरी बोलायला गेली आणि तू टेबलाखालून तिचा हात दाबलास. ते मी पाहिलं होतं गं. मला वाटलं, पोरगी आइस्क्रीम मागतेय.

निघताना मी काउंटरवर थांबून मॅनेजरला म्हटलं, "ज्यानं केला त्याले म्हना, आधी शिकून घे, मंग वीक." तो माझ्याकडे न पाहता तुझ्याकडे पाहत राहिला. तू दारापर्यंत पोचली होतीस.

परवा त्याने मला लगेच ओळखलं. म्हणाला, "मॅडम, तुमी रेखा मॅडमच्या वहिनी ना? तो चीजकेक त्याईचाच होता."

मी डबा काउंटरवर ठेवला. त्याने पाणी मागवलं. मग तो सांगत राहिला. तू दोन महिने त्यांना केक देत होतीस. गिऱ्हाईक नावं ठेवत नव्हतं. पण त्या दिवसानंतर तू स्वतःच बंद केलंस. तो म्हणे तुला फोन करत राहिला. "त्या म्हनल्या, माही वहिनी हो म्हनन, तवाच परत देईन. दिवाईच्या टायमाले म्हनल्या, आता जमला, वहिनीले देऊन आली, तिचा फोन आला की सांगतो."

मी डबा उघडला नाही. तसाच परत आणला.

रेखा, भाऊबीजेला तू केक घेऊन आली होतीस. माझ्या घरी फराळाच्या आणि केकच्या ऑर्डरींचा ढीग पडला होता. तू भावाला ओवाळलंस आणि जाताना डबा माझ्या हातात दिलास. "वहिनी, निवांत खाजा. अन् मले फोन करजा. खरं सांगजा." मी "हो, हो" म्हटलं आणि तो फ्रिजमध्ये मागे सरकवला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये जागा नव्हती. शेजारी पाहुणे आले होते. मी तुझा केक त्यांच्याकडे पाठवून दिला. चमचाभरसुद्धा चाखला नाही. तुझा डबा घासून, पुसून ठेवला, तेवढं मात्र आठवणीने केलं.

तू एकदा फोन केलास. बीटर चालू होता. मी म्हटलं, "कामात हावो, मंग बोलू." आठ दिवसांनी तुला ताप भरला. डेंग्यू निघाला. आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस.

आता तूच सांग, का लपवलंस? त्या टेबलावर एकदा तरी म्हणायचं होतंस, वहिनी, गप बसा, माझा आहे. मी ओशाळले असते, तुझ्या भावाने वर्षभर चिडवलं असतं, आणि संपलं असतं. तुला माझ्याकडून खरं मत हवं होतं, नात्याची भीड नको होती, एवढंच ना? ते तुला मिळालं. आणि माझं मत चुकलेलंही नव्हतं, रेखा. तो केक कच्चाच होता. परवापासून मी स्वतःला हेच सांगतेय आणि त्याने काही बरं वाटत नाही. वाईट झालेला केक मी लक्ष देऊन चाखला, त्यातलं एकेक न्यून काढलं. चांगला झालेला मी तोंडातही घातला नाही. कदाचित तो माझ्यापेक्षाही चांगला झाला असेल. आता कुणाला विचारू? शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "कोनता केक वो?"

मॅनेजरला मी फोन करून नाही म्हटलं. त्यात काही मोठेपणा नाही. तिथे केक देताना माझा हात चालला नसता, एवढंच.

अजून एक गोष्ट आहे आणि ती सगळ्यात वाईट आहे. तुझ्या तेराव्याला जुई माझ्याजवळ येऊन बसली होती. हळूच म्हणाली, "मामी, दिवाईचा केक कसा झाला होता? आई तुमच्या फोनची वाट पाहे." मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पोरीचं मन राखायचं म्हणून मी म्हटलं, "लय चांगला झाला होता, बाई." ती रडली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिने ते खरं धरलंय. मागच्या आठवड्यात फोनवर मैत्रिणीला सांगत होती म्हणे, माझ्या आईचा केक मामीला पसंत पडला होता.

या रविवारी मी अकोल्याला जाणार आहे. तुझ्या भावाला सोबत घेणार नाही. जुईला समोर बसवून सांगेन, की तुझ्या आईचा केक मी खाल्लाच नाही. का नाही खाल्ला, तेही सांगेन. ती रागावेल. माझ्याशी बोलणंही टाकेल कदाचित. टाकू दे. तरी मी दर रविवारी जाईन, ती दार उघडो की न उघडो.

तुझी वहिनी,
सुलभा
अमरावती