नातेवाईक : कोणी नाही

२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुझा दादा अठ्ठावन्नाव्या वर्षी परदेशी निघालाय. हसू नकोस. अकरा वर्षांत तू आली नाहीस, तेव्हा म्हटलं आपणच जाऊन तुझा कान धरावा. पण युरोपच्या व्हिसाची यादी वाचूनच घाम फुटला. फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, मागे पांढरा पडदा, आणि हसायचं नाही. फोटो जरासा मोठा आला, तर मी टेप लावून फोटोवाल्याला दाखवला आणि पुन्हा काढायला लावला. जन्मभर लोकांची मापं घेतली, आता माझंच चुकून कसं चालेल? विमा झाला. मी परत येणारच याचाही पुरावा मागतात. तुझी वहिनी म्हणते, दुकानातले अर्धवट शिवलेले सहा कोट दाखवा, गिऱ्हाइकं तुम्हाला तिकडून ओढून आणतील.

राहिला एकच कागद, तो तुझा. आमंत्रणाचा फॉर्म, सोबत नोकरीचा दाखला आणि घराचा करार. हॉस्पिटलच्या ऑफिसात एवढी साहेबीण तू, तुला काय अवघड? लगेच पाठव.

पाकिटात लोभ मावत नाही, म्हणून स्वतःच घेऊन येतो.

तुझा दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू येतोस म्हणून फार आनंद झाला. पण दादा, एवढ्यात नको रे. ऑफिसात डोकं वर काढायला वेळ नाही, घराला रंग द्यायचाय, आणि इथली थंडी तुझ्या गुडघ्यांना मानवणार नाही. पुढच्या वर्षी बघू. फॉर्म भरायला घेतलाय, एक सही अडलीये.

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी ठमी

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहिते. सोबत सगळे कागद आहेत. दाखला वाचून कळेलच, पण आधी माझ्याकडून कळू दे. मी ऑफिसात नाही. कधीच नव्हते. वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, कपडे बदलते, भरवते. पहिल्या वर्षी तुला ऑफिस म्हणून लिहिलं आणि मग दर पत्रात ते खोटं सांभाळत बसले.

घरही नाही, खोली आहे. चौदा चौरस मीटर, स्वयंपाकघर चौघींत एक. फॉर्मात हुद्दा आणि खोलीचं माप विचारतात. ते दोन रकाने मी कितीतरी दिवस कोरे ठेवले. तुझ्यापुढे उघडं पडण्यापेक्षा तू न आलेला बरा, असं मला वाटलं. त्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते. कामाची नाही रे. एक आजोबा तर माझ्याशिवाय कोणाला केस विंचरू देत नाहीत.

आता यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलास तरी पत्र थांबवू नकोस.

ठमी

२१ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट काल संध्याकाळी मिळालं. काल सकाळी मी काय दिवे लावून आलो ते ऐक, मग मान कोणी खाली घालायची ते सांग.

तुझी टाळाटाळ मला झोंबली होती. म्हटलं, तिला नको असेन तर तिच्या कागदांवाचून जातो आणि दारात उभा राहतो. व्हिसाच्या एजंटानं हॉटेलचं खोटं बुकिंग दिलं आणि बजावलं, तिकडे नातेवाईक आहे म्हणू नका, परत येणार नाही असा संशय घेतात. मी रकान्यात तसंच लिहिलं. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, तिथे तुमचं कोणी आहे का? मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, भाऊ, बहीण, कोणीच नाही? मी पुन्हा नाही म्हटलं. शिकवलं एजंटानं, पण जीभ माझी होती, आणि खरं सांगतो, तिच्यात रागही होता. तुला खांद्यावर बसवून शाळेत सोडणारा मी! तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो.

आज कचेरी उघडताच जाऊन अर्ज मागे घेतला. बाई म्हणाल्या, नवा अर्ज करा, पण खोटं का बोललात त्याचा खुलासा जोडा. तरीही व्हिसा मिळेलच असं नाही. तुझे कागद लावून नवा अर्ज भरला आणि वहिनीला समोर बसवून खुलासा लिहिला, तो असा:

“तिथे माझी सख्खी धाकटी बहीण राहते. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. मी शिंपी आहे. तिच्या खोलीत राहीन आणि परत येईन, कारण सहा कोट अर्धवट आहेत. मी तिला ‘कोणी नाही’ म्हणालो, याची मला लाज वाटते.”

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

दादा

१४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल कामावर असताना व्हिसाच्या कचेरीतून फोन आला. एका बाईंनी विचारलं, हा माणूस तुमचा कोण? सख्खा भाऊ, म्हटलं. मग काम विचारलं. अकरा वर्षं तुझ्यापासून लपवलेलं मी हातात ओला टॉवेल धरून मोठ्यानं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, एवढ्याशा खोलीत तो झोपणार कुठे? मी म्हटलं, पलंगावर. मी खाली. तो भांडेल, पण पलंगावर तोच. बाई हसल्या आणि म्हणाल्या, शिक्का मारलेला पासपोर्ट या आठवड्यात भावाच्या हातात पडेल.

टेप आण. आजोबांचा कोट फार ढगळ झालाय, त्यांना सांगून ठेवलंय की माझा भाऊ शिंपी आहे.

तुझं ‘कोणी नाही’ मला लागलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या खोलीत तुला जागा नाही, असं मीही मनात म्हटलंच होतं की. आता पुरे. विमानतळावर मान खाली घालून येऊ नकोस. मीही घालणार नाही. अकरा वर्षांनी ओळखायचंय एकमेकांना.

वाट बघते.

तुझी सख्खी,
ठमी