सरांच्या हातांकडे बघा

जळगाव
८ जुलै २०१८

ती. इंदिरा आत्यास नवीनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुला ऐकू येत नाही, माझ्या ओठांवरून तू निम्मंच वाचतेस आणि उरलेलं तू मनानंच भरून घेतेस. मागच्या वेळी मोहिनीला ताप आलाय असं सांगितलं, तर तू पेढे मागितलेस. म्हणून ही बातमी कागदावर पाठवतो. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. ज्या संघात मी तीन वर्षं खेळलो आणि शेवटच्या वर्षी कप्तान होतो, तोच हा संघ. काम कंत्राटी आहे, दरवर्षी नव्यानं नेमणूक घ्यावी लागेल.

भाऊंना सांगायला नशिराबादला मळ्यात गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की, इथं केळी कापायला माणूस मिळत नाही आणि हा पोरांना चेंडू लाथाडायला शिकवणार. त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मोहिनी म्हणते, न बोलणं हाच सासऱ्यांचा आशीर्वाद समजायचा.

मी खेळायचो तेव्हा पश्चिम विभागाच्या स्पर्धेत आम्ही पहिली फेरी कधी ओलांडली नाही. त्याहून जास्त सलतं ते वेगळंच. मोठ्या विद्यापीठांचे संघ आमच्याशी खेळताना राखीव पोरं उतरवायचे आणि त्यांचे मुख्य खेळाडू कडेला बसून शेंगा खायचे. आमच्याशी खेळताना समोरच्यानं आपले पहिले अकरा उतरवावेत, एवढं मला घडवायचं आहे. पण निवड चाचणीला येतात ती सगळी क्रिकेटमधून गळालेली पोरं. तू शाळेत जन्मभर कवायत शिकवलीस. सुरुवात कुठून करू ते सांग.

पायाला जप. तुझी माया माझ्यावर आहेच, तिच्यात थोडं रागावणंही येऊ दे.

तुझा
नवीन


धुळे
२० जुलै २०१८

चि. नवीन यास आत्याचे भरभरून आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पेढ्यांचं मात्र तू खोटं सांगतोस, मी पेढे मागितलेच नव्हते, बर्फी मागितली होती.

गिरधर तुझा बाप असला तरी त्याचं मनावर घेऊ नकोस. तो माझा धाकटा भाऊ, त्याला मी पाळण्यापासून ओळखते. आट्यापाट्या खेळताना त्याला जेवणाचं भान राहायचं नाही आणि वडिलांचा मार खाऊनही दुसऱ्या दिवशी तो पाटीवर हजर असायचा. आता विसरला असेल, दुसरं काय.

जळगावात बसून तुला खेळाडू सापडायचे नाहीत. साक्रीकडे जा, शिरपूरच्या डोंगराकडच्या कॉलेजांत जा. त्या भागातल्या मुली माझ्या शाळेत यायच्या. मैदानाला फेऱ्या मारायला सांगितल्या तर मी थांबा म्हणेपर्यंत पळायच्या, आणि दम लागायचा तो मला. फलकावर सूचना लावून अशी पोरं येत नाहीत. ‘आपल्याला कोण घेतंय’ असं त्यांच्या मनात पक्कं असतं. तू त्यांच्या मैदानावर जा, त्यांच्यात खेळ, मग बोलाव.

आणि येताजाता धुळ्याला उतर. नुसतं बसमधून हात हलवून गेलास तर पत्राला उत्तर येणार नाही.

तुझी
इंदिरा आत्या


जळगाव
१४ डिसेंबर २०१९

ती. आत्यास नमस्कार, वि. वि.

आम्ही हरलो आणि मी तुला हे आनंदानं लिहितोय.

तुझं ऐकून साक्रीच्या बाजूला ज्या फेऱ्या मारल्या, त्यात निंबा सापडला. पहिल्या वर्षाला आहे. घरी अहिराणी बोलतो, माझ्यासमोर काहीच बोलत नाही. बूट घातले की अडखळायचा, म्हणून महिनाभर त्याला बूट घालून नुसतं चालायला लावलं. आता चेंडू घेऊन सुटला की अडवायला दोघं लागतात.

गोलरक्षक मात्र धरणगावच्या कापडाच्या दुकानातून मिळाला. रोनक नाव, लखीचंद शेठचा मुलगा. उंच आहे, हात लांब, आणि घाबरत नाही. शेठजींची हरकत खेळाला नव्हती, जेवणाला होती. त्यांच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण उरकावं लागतं आणि आमचा सराव संध्याकाळी. मी दुकानात गादीवर बसून दोन वेळा चहा प्यायलो आणि अख्ख्या संघाचा सराव सकाळी सहाला नेला. पोरांनी मला मनात किती शिव्या दिल्या ते विचारू नकोस.

यंदाही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, एका गोलनं. पण मध्यंतरानंतर समोरच्या प्रशिक्षकानं आपले राखीव काढून मुख्य खेळाडू घाईघाईनं आत धाडले. ते बूट बांधत होते तेव्हा मी माझ्या पोरांना ओरडून सांगितलं, बघून घ्या, हे तुमच्यासाठी उठलेत. घरी आलो तर भाऊंनी किती गोल झाले ते विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

मोहिनीचा नमस्कार. लोभ कमी करू नकोस.

तुझा
नवीन


धुळे
११ जानेवारी २०२३

चि. नवीन यास अनेक आशीर्वाद.

पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या आहेत. तेवढ्याच कापून देवघरात ठेवल्या. करोनानं दोन वर्षं मैदान बंद ठेवलं, तरी तू घराघरांत फोन करून पोरांना धरून ठेवलंस आणि संघानं पहिली फेरी जिंकली. निंबाचे दोन गोल. हे बघायला तुझे आजोबा हवे होते.

आता दुसरं. दिवाळीत आलास तेव्हा मोहिनीनं मला पाटीवर लिहून दाखवलं की तुझा आवाज पावसाळ्यापासून बसलाय आणि तू खडीसाखरेवर भागवतोस. मला ऐकू येत नाही, पण मला दिसतं. बोलताना तुझ्या मानेच्या शिरा ताणतात, जणू विहिरीतून भरली घागर ओढतोयस. स्पर्धा होईपर्यंत थांब म्हणालास, आता स्पर्धा झाली. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. पुढच्या पत्रात मला तुझं निमित्त नको, डॉक्टरचं म्हणणं हवं.

तुझी
इंदिरा आत्या


जळगाव
६ ऑगस्ट २०२३

ती. आत्याबाईंस मोहिनीचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र त्यांनी लिहायला हवं होतं. त्यांनी हातात पेन धरलं नाही, म्हणून मी लिहिते.

मुंबईचं ऑपरेशन नीट झालं. कॅन्सरची गाठ स्वरयंत्रातच होती, त्यामुळे स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. रोग गेला असं डॉक्टर सांगतात, आणि त्यासाठी मी देवाला हात जोडते. पण आवाजही त्याबरोबर गेला. आता श्वास मानेच्या पुढच्या छिद्रातून घेतात. त्यावर पातळ फडकं बांधावं लागतं, धूळ गेली तर खोकल्यानं जीव घाबरा होतो. शिट्टी तोंडात धरून पाहिली, पण तोंडातून हवाच येत नाही. ती शिट्टी त्यांनी खिडकीतून फेकली, मी जाऊन उचलून आणली.

विद्यापीठातून क्रीडा विभागाचे साहेब घरी आले होते. भले गृहस्थ आहेत. फार आढेवेढे घेऊन म्हणाले की, यंदा दुसरा प्रशिक्षक बघावा लागेल, मैदानावर आवाज लागतो, सरांनी कार्यालयात बसावं. यांनी मान हलवली आणि आत निघून गेले. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पोरं येतात, दारातून परत जातात. भाऊ रोज मळ्यातून येतात, त्यांच्या शेजारी बसतात आणि पांघरूण सारखं करून उठून जातात.

आत्याबाई, माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

आपली
मोहिनी


धुळे
१३ ऑगस्ट २०२३

चि. नवीन यास आशीर्वाद.

रडून झालं असेल तर पुढचं वाच. झालं नसेल तर आधी रडून घे, मी थांबते.

माझे कान गेले तेव्हा माझी नोकरी बरीच शिल्लक होती. पालकांनी तक्रार केली की बहिऱ्या बाईंना मुलींचा गलका कळायचा नाही, कुणी पडलं तर कळायचं नाही. मी मुलींना गोल उभं करायला लागले, म्हणजे प्रत्येकीचा चेहरा मला दिसेल. कोण दुखणं लपवतंय, कोण रडायच्या बेतात आहे, हे कान असताना मला कधी कळलं नव्हतं तेवढं कळायला लागलं. सेवानिवृत्त झाले ती मैदानावरूनच.

तुझा खेळ तुझ्या गळ्यात नव्हता. असता तर डॉक्टरांनी तोही काढून नेला असता. आवाज लागतो असं साहेब म्हणाले, आणि तू मान हलवलीस. पोरांना विचारलंस का? आधी त्यांना विचार. ते नाही म्हणाले तर खुशाल कार्यालयात जाऊन बस.

सोबत पार्सल आहे. आमच्या कवायतीच्या लाकडी डंबेल्सची जोडी. एकमेकांवर आपटली की मैदानाच्या पलीकडच्या मुली मान वळवायच्या, असं तेव्हाच्या बाई सांगायच्या. मी रविवारी येते. भिंतीकडे तोंड केलेलं मला चालणार नाही, मला ओठ दिसावे लागतात.

तुझी
इंदिरा आत्या


जळगाव
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास नमस्कार, वि. वि.

तू चार दिवस राहून गेलीस आणि घर अजून घाबरून आहे. भाऊसुद्धा ताटात काही टाकत नाहीत.

तू गेल्यावर मी मैदानावर गेलो. फळ्यावर लिहिलं की मला आता बोलता येणार नाही, शिट्टीही वाजवता येणार नाही, तुम्हाला दुसरा प्रशिक्षक हवा असेल तर मी रागावणार नाही. मग निंबा पुढं आला, जो माझ्यासमोर कधी तोंड उघडत नाही. म्हणाला, “सर, आम्ही तुमना हात दखसूत. तुम्ही फिकर नका करा.” हातांकडे बघायचं म्हटल्यावर सगळे खाली बसले आणि आम्ही खुणा ठरवायला लागलो. डंबेल्स एकदा वाजले की माझ्याकडे बघायचं. मूठ म्हणजे मागं या, दोन्ही पंजे उघडे म्हणजे मैदान रुंद करा. मध्यंतराला मी फळ्यावर लिहितो आणि रोनक ते मोठ्यानं वाचतो. मधूनच पदरचं घालतो, ते मला चेहऱ्यांवरून कळतं.

सुरुवातीला हाल झाले. पोरं चेंडूकडे बघत, माझ्याकडे बघत नसत. शहरातल्या एका कॉलेजच्या संघानंही आम्हाला सहज हरवलं. साहेबांकडे पोरांनीच जाऊन पुढचा हंगाम संपेपर्यंतची मुदत मागून घेतली, मला नंतर कळलं.

आणि भाऊंचं सांगायचं राहिलं. धुळीनं मला खोकल्याची उबळ यायची, सराव थांबायचा. एका सकाळी मैदानावर पोहोचलो तर गवताच्या कडेनं पाइप पसरलेले आणि फवारे गरगर फिरत होते. भाऊ मळ्यातले स्प्रिंकलर ट्रॅक्टरमध्ये घालून घेऊन आले होते. विद्यापीठाच्या माळ्यानं विचारलं, तर त्याला म्हणाले, “धूळ त्याच्या गळ्यात जाते म्हने. मले पाणी मारता येते, तेवढं मी करतो.” आता रोज सरावाआधी येतात. पाणी मारून झालं तरी जात नाहीत.

पथ्य सांभाळ. मायेनं आणखी पार्सलं पाठवू नकोस, एकानंच एवढं काम लावलं.

तुझा
नवीन


मुक्काम राजस्थान, स्पर्धेच्या गावाहून
२२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा पेपरात आलेलंच असेल. पण पेपरात सगळं येत नाही.

आम्ही तीन फेऱ्या जिंकून उपांत्यपूर्व सामन्यात पोहोचलो. करोनात एक वर्ष वाया गेल्यामुळे निंबा आणि रोनक अजून संघात आहेत, दोघांचं हे पदव्युत्तरचं शेवटचं वर्ष. समोर यजमान विद्यापीठ, आणि त्यांनी पहिल्या मिनिटापासून पहिले अकरा उतरवले होते. त्यांचं सगळं कॉलेज मैदानाभोवती ढोल घेऊन उभं. एवढा गोंगाट की सामना बघायला आलेले रोनकचे काका शेजारी बसले होते, त्यांचंही मला ऐकू येईना. डंबेल्स वाजवले ते माझे मलाच ऐकू आले नाहीत.

पहिला अर्धा तास फार वाईट गेला. रोनकनं तीनदा अंग टाकून गोल वाचवला. मग माझ्या लक्षात आलं, त्यांचा प्रशिक्षक रेषेवर धावत ओरडतोय आणि त्याच्या एकाही खेळाडूला काही कळत नाही. ते कानाला हात लावून विचारत होते. आमची पोरं मात्र, डंबेल्स ऐकू न येताही, चेंडू बाहेर गेला की माना वळवून माझ्याकडे बघत होती. सगळी.

मी घाई केली नाही. सामना संपत आला, त्यांची डावी बाजू दमली, तेव्हा दोन्ही पंजे उघडले आणि उजवीकडं बोट केलं. मधल्या पोरानं चेंडू न बघताच तिकडं दिला, कारण निंबा तिथं पोहोचलेला असणार हे त्याला माहीत होतं. गोल झाला तेव्हा ढोल थांबले. उरलेला वेळ मी मूठ वर धरून उभा राहिलो. एका गोलनं जिंकलो. विभागातल्या पहिल्या चारांत आलो, म्हणजे आता अखिल भारतीय स्पर्धेला जायचं. आपलं विद्यापीठ तिथं फुटबॉलमध्ये आजवर गेलेलं नाही. साहेबांचा मोहिनीला फोन आला होता, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं त्यांनी आपणहून सांगितलं. रोनकनं भाऊंना फोनवर कळवलं तर त्यांनी मैदान ओलं होतं का ते विचारलं.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगतो. मुंबईला तपासणीला जायचो तेव्हा तिथल्या बाईंकडे मी बोलायला शिकत होतो. हवा गिळायची आणि ढेकर द्यावी तशी वर काढून तिच्यावर शब्द बसवायचा. आवाज घोगरा निघतो, आडातल्या बेडकासारखा. आरशासमोर मला माझीच लाज वाटायची, म्हणून मोहिनीलाही ऐकवलं नव्हतं. पण सामन्यानंतर खोलीत पोरं नाचत होती. कुणी रडत होतं, निंबाला उचलून घेतलं होतं. मी दारात उभा होतो. वाटलं, आता फळ्यावर लिहायचं नाही. हवा गिळली. पहिल्या वेळी काहीच आलं नाही. दुसऱ्या वेळी आलं.

पोरं जागच्या जागी थांबली. निंबाला त्यांनी खाली ठेवलं. रोनक जवळ आला आणि सर, काय म्हणालात, असं हळूच विचारलं. त्यानं ऐकलं होतं, पण त्याला पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा म्हणालो.

तुला ते ऐकू आलं नसतंच, म्हणून लिहून कळवतो. मी म्हणालो होतो, “उद्या सकाळी सहाला मैदानावर.”

सगळे आले. वेळेआधी.

थंडीत पाय शेकत जा. आशीर्वाद पाठव, राग शिल्लक असेल तर तोही चालेल.

तुझा
नवीन