बुटकीनं लावलेली कडी

ता. ६ जून

ती. दादास,

बुटकीचा वाकून नमस्कार. (मी वाकले काय न वाकले काय, सारखंच, असं म्हणशील. म्हण.)

तुझं पत्र पोचलं. दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी तुला सांगितलं की तू आता बरा आहेस, बाहेर चार लोकांसारखं राहणं हा तुझा हक्क आहे आणि त्याला घरच्या कुणाच्या सहीची गरज नाही. वाचून मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. खोटं कशाला लिहू? शेगडीवरचं दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

माझ्या घरी राहायचं नाही, वेगळी खोली हवी, असं तू लिहिलंस. मी वरवर रागावले, पण आतून हायसं वाटलं. घरात ठकी आहे ना. चार वर्षांची पोर. तिला मामा म्हणजे फोटोतला माणूस, एवढंच माहीत.

खोली बघितली. आमच्या मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्यावर. जिना अरुंद आहे, पण खिडकी मोठी, उजेड भरपूर. तू कुठे होतास ते मी सायकलवाल्यांपासून लपवलं नाही. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, की मारतो का. मी सांगितलं की मारतो, पण फक्त थापा, त्याही लहानपणापासून. मग हसले आणि खोली द्यायला तयार झाले.

खोली मीच धुतली. पडदा शिवला. आणि एक काम आठवणीनं करून घेतलं. दाराची आतली कडी काढायला लावली. बाहेरची आहे तशीच ठेवली. म्हणजे आता कसली काळजी नाही. कधी येतोस ते कळव.

जीव लाव, बोल लावू नकोस.

तुझी बुटकी

*

ता. ११ जून

चि. बुटकीस,

डोक्यावर एक टपली आणि आशीर्वाद.

खोली धुतलीस, पडदा शिवलास, माझ्यासाठी सायकलवाल्यांना पटवलंस. तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण कडी नसेल तर मी येत नाही.

इथे दाराला कडी फक्त बाहेरून आहे. आत कुणीही येतं. नर्सबाई येतात, झाडूवाला येतो, शिकाऊ डॉक्टर तर घोळक्यानं येतात. माझी आंघोळ चालली असली तरी. माणसं चांगली आहेत, पण ठोठावावं असं कुणाला सुचतच नाही. बाहेर गेल्यावर आधी काय करणार, असं बाईंनी आम्हा सगळ्यांना विचारलं. कुणी सिनेमा सांगितला, कुणी लग्न. मी सांगितलं, दार लावणार. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

बाहेरून कडी असलेली खोली माझ्याकडे आहेच, बुटके. तीही बिनभाड्याची. मग तो जिना चढायचे कष्ट कशाला घेऊ?

पडदा ठेव. ठकीला सांग, मामा फोटोत आहे तेवढा बारीक राहिलेला नाही.

तुझ्यावर माया आहे. हट्टही तुझ्यावरच करतो.

दादा

*

ता. १५ जून

ती. दादास,

नमस्कार. या वेळी न वाकता.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. तू न्हाणीघरात कडी लावून बसला होतास. आत नळ चालू होता आणि दाराखालून पाणी येत होतं. आई दाराला डोकं टेकून तुला हाका मारत होती. बाबांनी पहार आणून दार तोडलं. मी शाळेतून आले होते, दप्तर घेऊन तशीच उभी. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं. तू आत भिंतीशी बसला होतास आणि माझ्याकडे बघूनही मला ओळखलं नाहीस.

आता तूच सांग, मी कडी कशी लावू? उद्या ठकी तुझ्याकडे आली आणि तू दार लावून घेतलंस तर? दार तोडायला मी बाबांना कुठून आणू?

ह्यांना विचारलं. हे ट्रक घेऊन निघायच्या घाईत होते. म्हणाले की भाऊ तुझा, कडी तुमची, तुम्हीच बघा, पण आपल्या आंघोळीत कुणी शिरलं तर आपण काही ऐकून घेणार नाही. म्हणजे तुझ्याच बाजूचे निघाले.

तू ये रे. तेवढं कडीचं सोड.

रागात लिहिलंय, पण माया कमी नाही.

बुटकी

*

ता. १९ जून

चि. बुटकीस,

टपली नाही, नुसता आशीर्वाद.

मला आठवतं. तुला ओळखलंही होतं. दप्तर निळं होतं. तोंडातून शब्द निघत नव्हता, एवढंच.

तेव्हा मला काय होतंय हेच कळत नव्हतं. आता दुखणं यायला लागलं की आधी समजतं. झोप उडते, मग सगळे माझ्याबद्दलच बोलताहेत असं वाटायला लागतं. ते परत येणारच नाही, असं मी तुला लिहून देणार नाही. गोळ्या घेतो, आणि तुझ्याशी ठरवून ठेवतो. झोप उडाली की मीच येऊन तुला सांगेन, आणि बरं वाटेपर्यंत कडी लावणार नाही. तू ठोठावलंस आणि आतून उत्तर आलं नाही, तर सायकलवाल्यांना हातोडा घेऊन वर पाठव. मोडलेलं दार मी दुरुस्त करून देईन. पण ठोठावल्याशिवाय आत यायचं नाही. तूसुद्धा नाही.

मला कुणापासून लपायचं नाही. कुणी आलं की उठावं, केस सारखे करावेत, दार उघडावं आणि या म्हणावं, एवढंच वाटतं. इथे मला कुणाला या म्हणताच येत नाही. सगळे आधीच आलेले असतात.

पटलं तर बघ. नाही पटलं तरी माया तेवढीच.

दादा

*

ता. २४ जून

ती. दादास,

पुन्हा वाकून नमस्कार.

कडी लावली. काढायला लावली होती मीच, आता परत लावा म्हणून सायकलवाल्यांना कुठल्या तोंडानं सांगू? स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि मीच लावली. जुनी भोकं सैल झाली होती म्हणून खाली नवी पाडली. खोलीत स्टूल नाही, वर जोर लागेना, म्हणून माझ्या कमरेशी पाडली. जरा वाकडी झालीय आणि बरीच खाली आलीय. तुला वाकावं लागेल. सायकलवाले बघायला आले आणि विचारायला लागले, की भाडेकरू माणूसच आहे ना, का मांजर.

लागते मात्र घट्ट. मी आत उभी राहून लावून बघितली. आणि सांगू का? लग्न झाल्यापासून मी अशी एकटी, दार लावून कधी उभीच राहिले नव्हते. खाली दुकानात ठकी आई आई करत होती. मी थोडा वेळ ओ दिलीच नाही. फार बरं वाटलं. तुझं सगळं नाही, पण थोडं कळलं.

ठकीला मात्र तुझ्याकडे एकटी सोडणार नाही, हे आत्ताच सांगते. तू मागायचं नाही आणि वाईटही वाटून घ्यायचं नाही. मला भीती वाटते, त्याला मी काय करू?

ये लवकर. आणि बुटकीवर रागावू नकोस.

बुटकी

*

ता. ३ ऑगस्ट

चि. बुटकीस,

आशीर्वाद. गल्ली ओलांडून बोलता आलं असतं, पण तोंडावर मला जमत नाही. तू आणि ठकी भाजी घेऊन परत जाताना हे तिच्या हातात देतोय. टपालखर्च एक बिस्कीट.

काल कडी लावलेली नव्हती, तू डबा घेऊन थेट आत आलीस. बाहेर जाऊन ठोठाव, असं मी म्हटलं आणि तू फुगलीस. डबा तिथेच ठेवून जिना उतरलीस. वाटलं, आता आठवडाभर अबोला. तर तू परत वर आलीस आणि असं दार बडवलंस की खाली उभी केलेली सायकल आडवी झाली. मी केस सारखे केले, या म्हटलं, तू आलीस. तुला ते खुळेपणाचं वाटलं असेल. मी त्या आनंदात तुझी खारट भाजीही संपवली.

लाँड्रीतलं संध्याकाळचं काम चांगलं चाललंय. दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करून हात बसलाय, पण शर्टांना कॉलर असते हे विसरलो होतो. सायकलवाले गिऱ्हाइकांना सांगतात की या गल्लीत बरा असल्याचा दाखला एकट्या वरच्या भाडेकरूकडेच आहे, बाकीच्यांचं काही सांगता येत नाही.

ठकी आता सगळ्यालाच ठोठावते. आज माझ्या पाठीवर ठोठावून विचारत होती, मामा आहे का.

मीठ कमी कर, माया तशीच ठेव.

दादा

*

ता. १९ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. आज दुपारी तू आत होतास. बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

शिंपीमास्तरांनी शाळेच्या गणवेशांची बटणं लावायला तातडीनं बोलावलं. हे ट्रकवर, शेजारच्या मावशी लेकीकडे गेलेल्या. दुकानात पोरीला न्यावं तर तिथे कात्र्याच कात्र्या. म्हणून तुझ्याकडे आणली. तू ती जेवली का एवढंच विचारलंस. मी जिना उतरले खरी, पण पाय मागेच ओढत होते. दुकानात दोनदा सुई टोचून घेतली. एका सदऱ्याला पाठीवर बटण लावलं. मास्तरांनी विचारलं की पोरं शाळेत पाठमोरी बसतात का.

काम टाकलं आणि पळत आले. जिना चढले तर दार लावलेलं. मी ठोठावलं नाही, आधी ढकललंच. माफ कर. आतून कडी होती.

दादा, मी खाली माझ्या चपलांकडे बघितलं. पाणी येतंय का बघितलं. उंबरा कोरडा होता. खालून सायकलवाल्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, की हातोडा आणू का. मी हातानंच थांबा म्हटलं. मग ठोठावलं. बेतानं.

आतून ठकीनं विचारलं, कोण आहे. मी सांगितलं, मी. तर विचारते, मी म्हणजे कोण. आई आहे म्हटल्यावर तिनं मला बाहेरच थांबायला सांगितलं, कारण मामाचे केस विंचरून व्हायचे होते. तू काहीतरी पुटपुटलास आणि ती तुला हलू नकोस म्हणून ओरडली, तेही ऐकू आलं. मी पायरीवर बसले. इतका वेळ मला कुणी दाराबाहेर उभं केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज बसून राहिले. वर हसूही येत होतं.

मग कडीशी खुडखुड झाली. मला वाटलं तू काढतोयस. पण ती कडी मी लावलेली, तिच्या हाताला पोचणारी. दार उघडलं तेव्हा तू लांब पलंगावर बसला होतास, डोक्यावर माझ्या लेकीच्या दोन लाल रिबिनी बांधून. आणि ठकी दारात बाजूला सरकून उभी राहिली, पाहुण्यांना म्हणतात तसं मला म्हणाली, या.

उद्याही बटणं आहेत. ठकीला सकाळीच पाठवते. संध्याकाळी रिबिनी काढून मगच लाँड्रीत जा.

माया असू दे. मी आले की उघड. वेळ लागला तरी पायरी आहे, बसेन.

तुझी बुटकी