जुडिथचा एकच ट्राय

ग्वेल्फ, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सोलोमनदादास,
बाथशेवाचा शालोम व सा. न. वि. वि.

जुडिथच्या जिवाचा धोका टळला, असं आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. देवाचे उपकार. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनानं जुळवतोस, म्हणून लिहिते.

स्ट्रोकनं तिची वाचा गेली आहे. दुसऱ्याचं बोलणं समजतं की नाही, हे चौदा तारखेला पुन्हा तपासणार. समजत नसेल तर घरी सोडणार नाहीत, कायमचं केअर होम. तिचा मुलगा नेथन आणि आपली याएल, दोघं नवरा-बायको हवालदिल आहेत.

थेरपिस्ट तिच्या हातात संत्रं देते, वाडग्यात ठेवायला सांगते आणि ट्राय, जुडिथ, ट्राय, म्हणत राहते. जुडिथ पुढे झुकते, संत्रं दोन्ही हातांनी टेबलावर दाबते आणि आमच्याकडे बघते. दर वेळी हेच. ती चिडते, असं त्यांचं मत. मला ती चिडलेली वाटत नाही रे.

दोन विहिणी एका घरात टिकणार नाहीत, असं तूच म्हणाला होतास. सहा वर्षं टिकलो. बर्फ शोव्हल करायला तिनं मला कधी बाहेर येऊ दिलं नाही. अमेरिकेत बायकांचं रग्बी नुकतं सुरू झालं तेव्हा ही कोलोरॅडोत खेळायची, पुरुषांचे जुने शर्ट घालून. नाक तिथंच मोडलं. एवढ्या वर्षांत आपला एकच ट्राय, असं मोठ्या तोऱ्यात सांगायची. मी म्हणायचे, बाई, मी ड्रायव्हिंग टेस्टसुद्धा चारदा ट्राय केली. ती हसून लोळायची.

ती घरी आली की एलियाहू हन्नबीच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करीन, असा नवस बोलले आहे. वहिनीला शालोम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी बाथशेवा

मार्कहॅम, ९ फेब्रुवारी

चि. बाथशेवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. मुंबईत नोकरीला असताना संध्याकाळी जिमखान्याच्या कुंपणाशी उभा राहून मी रग्बी बघायचो. वेडे, रग्बीत ट्राय म्हणजे प्रयत्न नव्हे. चेंडू घेऊन समोरच्यांची रेषा ओलांडायची आणि तो हातानं जमिनीवर दाबायचा, त्याला ट्राय म्हणतात. त्याचे गुण मिळतात. जुडिथसारखी भक्कम माणसं पुढच्या फळीत ढकलाढकली करतात, ट्राय बहुधा पळणारे करतात. तिनं एक केला म्हणजे काय समजतेस? आणि तू तिला आपल्या नापासांची गोष्ट ऐकवत होतीस.

थेरपिस्ट ट्राय म्हणते आणि ती ट्राय करून दाखवते. तिला समजतं, ती उत्तरही देते. तो एक शब्द गाळून बोलायला सांग. एक्स्प्रेसनं टाकतोय, चौदाच्या आत पोचेल.

विहिणींचं माझं भाकीत चुकलं, बरं झालं. जुडिथला माझा नमस्कार कानात सांग.

तुझा दादा

ग्वेल्फ, १६ फेब्रुवारी

ती. दादास शालोम.

शुक्रवारी थेरपिस्टनं नुसतं वाडग्यात ठेव म्हटलं. जुडिथनं ठेवलं. चमचा उचल म्हटलं, उचलला. नेथन वॉशरूममध्ये जाऊन रडून आला. मग थेरपिस्टनं मुद्दाम ट्राय म्हटलं, तर हिनं संत्रं असं दाबलं की रस उडाला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतके दिवस ती बहुतेक त्याचीच वाट बघत होती. मी तिला मराठीतच विचारलं, सहा वर्षांत एकदा समजावून सांगता आलं नाही का. तिनं माझा कान पिरगाळला.

वाचा कधी येईल, कोणी सांगत नाही. पण मंगळवारी घरी सोडताहेत. तू कुंपणाशी उभा राहिलास त्याचं हे फळ, दादा, किती आभार मानू.

मलिदा रविवारी. पातळ पोहे मार्कहॅमहून आण, इथं जाडच मिळाले. तिला गिळायला अजून जड जातं. गुरुवारी थेरपिस्ट घरी येऊन बघेल. तिनं हो म्हटलं, तर पोहे नारळाच्या दुधात मऊ भिजवून पहिला घास जुडिथला मी भरवणार आहे.

दोघंही या. तुमच्या मायेवरच चाललंय.

तुझी बाथशेवा