चहावर उभा राहिलेला अंदाज

मंगळवार, संध्याकाळ

विमानानं इथून किती माल जाईल, याच्या, मी गावोगाव विचारून काढलेल्या अंदाजावर उद्या माझी सही. दुपारी पैठणच्या मोसंबीवाल्या भानुदासरावांना सहज फोन लावला. विमानानं माल खरंच पाठवणार ना?

"अहो साहेब, मोसंबी ट्रकनंच जाती. तुम्ही उन्हातान्हाचं घरी आलते, चहा घेतला. पाहुण्याला नाय कसं म्हणावं?"

म्हणजे बाकीचे होकारही तसलेच? चहा तर मी घरोघर प्यालोय. या होकारांवर विमानतळावर मोठं गोदाम बांधतील, त्यात कबुतरं नांदतील, अन् अहवालावर नाव माझं. काय करू?

कबूल करायला ऑफिसात आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी आधी चहा मागवला. मग विचारलं, "आकडे पक्के ना?"

व्हय म्हणालो.