अकरा घरांचं बोलावणं

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्या संगप्पाचा शरणार्थ.

गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थोडक्यात सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

दिवाळीत महेश्वर आणि सूनबाई माझ्या नातीला, सिद्धेश्वरीला, पुण्याहून माझ्याकडे सोडून गेले. पोरगी सात वर्षांची. शाळेत तोंड उघडत नाही, पाहुणा आला की दाराआड. चारचौघांत बोलू लागली की परत न्यायची, असं ठरलं. (मी बोलायला शिकवणार म्हणजे पोहता न येणाऱ्यानं विहिरीवर शिकवणी घेण्यासारखं. शिवम्मा गेल्यापासून मी दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन दूधवाल्याशी.)

तरी उपाय काढला. संक्रांतीनंतर हळदी-कुंकवाचं बोलावणं घरोघरी पोरंच करतात. एकच वाक्य, आज संध्याकाळी आमच्याकडं हळदी-कुंकवाला या. आठवडाभर घोटून घेतलं. तिनं आधी कपाटाला बोलावलं, मग मला. (मी गेलो, विभूतीखाली कुंकू लावून घेतलं.) शनिवारी तिला समोरच्या मथुराबाईंकडे धाडलं आणि मी कडक भाकरीच्या दुकानाआड उभा राहिलो. पोरगी पाच मिनिटं नुसती चप्पल घासत होती. शेवटी आतूनच आवाज आला, "कोण हाय गं?" आणि अक्का, ती बोलली. अख्खं वाक्य. मग थांबेचना, अकरा घरं करून आली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

दिवा लावताना लक्षात आलं, आमच्याकडे कुंकू लावायला बाईमाणूसच नाही. तिळगूळ नाही, वाण नाही. ते वाक्य आमच्या संसाराची चाळीस वर्षं या घरातून जायचं, मी शिवम्मा आत असल्यासारखंच शिकवत राहिलो.

साडेसहाला अकरा बायका दारात. मी मोरीत लपलो. सिद्धेश्वरीनं पाटावर उभं राहून प्रत्येकीला कुंकू लावलं आणि वाण म्हणून डब्यातली शेंगाचटणी कागदात बांधून दिली. मथुराबाई मोरीचं दार वाजवून म्हणाल्या, "अण्णा, बाहेर या की, पोरीपरीस तुमीच लई लाजताय." आलो बाहेर. शिवम्माला नेलं त्या दिवसानंतर घरात एवढी माणसं पहिल्यांदाच होती. अर्ध्या तासात सगळ्या गेल्या, आणि मला उगाच वाटलं, थोडं बसायला हवं होतं त्यांनी.

बाकी क्षेम.

तुझा संगप्पा

ता. क. सूनबाई पत्रानं तुझ्याकडे चौकशी करील. पोरगी अजून फार बुजते, वर्ष तरी लागेल, असं कळव. तू खोटं लिहीत नाहीस हे ठाऊक आहे, पण मी आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का?

ता. क. २. वरचं विसर. मी पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेलो तेवढ्यात महेश्वरचा फोन आला. तिनंच उचलला आणि अकरा घरं नावानिशी सांगितली. येत्या रविवारी न्यायला येताहेत. मी म्हणालो, बरं झालं. अक्का, तू शनिवारच्या एसटीनं ये. त्यांना गाडीत बसवल्यावर एकट्यानं घरात शिरायचं मला धाडस होणार नाही.